‘साभार : इंटरनेट’ ही परवानगी नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात पासवर्डच्या सुरक्षिततेविषयी पानभर लेख आला होता. त्याचे कात्रण माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात आणले आणि एका वाक्याखाली पेनाने रेघ ओढून मला विचारले, ‘मॅडम, पासवर्डमध्ये मीठ घालतात म्हणजे नेमके काय करतात?’ वर्ग हसला, पण प्रश्न रास्त होता. संकेतस्थळे पासवर्ड साठवण्यापूर्वी त्यात मीठ घालतात, एवढेच तिथे छापले होते आणि त्याचा कसलाही खुलासा केलेला नव्हता. मूळ इंग्रजीत ‘सॉल्ट’ म्हणतात ती अक्षर-अंकांची एक यादृच्छिक जोड असते. पासवर्डचे एकमार्गी रूपांतर करून तो साठवण्याआधी ती प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी जोडली जाते, म्हणजे दोघांनी योगायोगाने एकच पासवर्ड ठेवला तरी साठवलेली नोंद सारखी दिसत नाही आणि चोरलेल्या यादीवर आधीच तयार केलेले तक्ते चालवून पासवर्ड शोधता येत नाहीत. हा मजकूर ज्या इंग्रजी लेखाचा अनुवाद आहे, त्या मूळ लेखात हे सगळे एका स्वतंत्र परिच्छेदात सांगितलेले आहे. मराठीत तो परिच्छेद गळला आणि मीठ तेवढे राहिले.

मूळ लेखात काय आहे हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तो लेख माझ्या परिचयाचा आहे. परदेशातील एका प्रोग्रामरने तो आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर इंग्रजीत लिहिलेला आहे. पुरवणीतला मजकूर हा त्याचा परिच्छेदागणिक केलेला अनुवाद आहे. उदाहरणे तीच, त्यांचा क्रम तोच, आणि एक विनोदही तोच, जो मराठीत येताना विनोद राहिलेला नाही. लेखाच्या वर एका मराठी व्यक्तीचे नाव आहे आणि शेवटी कंसात ‘साभार : इंटरनेट’ एवढेच छापलेले आहे. अनुवाद करणाऱ्या व्यक्तीचे नाव मी इथे घेत नाही, कारण हा दोष एकट्या माणसाचा आहे असे मला वाटत नाही. ही आपल्याकडे रुळलेली पद्धत आहे, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे मी स्वतःही एकदा तिची वाटेकरी झाले आहे.

या लेखातली दुसरी चूक मिठापेक्षा गंभीर आहे. ‘दर तीन महिन्यांनी सर्व पासवर्ड बदलावेत’ असा सल्ला त्यात चौकटीत, ठळक अक्षरांत दिला आहे. हा सल्ला एके काळी सर्वत्र दिला जात असे. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, अशी भूमिका घेतली. त्यामागचे कारण साधे आहे : वारंवार बदलायला लावले की माणसे जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढवतात. मूळ लेखकाने आपल्या लेखातला तो भाग काढून टाकलेला आहे आणि कोणता भाग का बदलला याची टीप लेखाच्या आरंभी लिहिलेली आहे. आपल्याकडे छापला गेला तो कुठल्यातरी जुन्या प्रतीवरून केलेला अनुवाद असावा.

ही दुरुस्ती मला माहीत आहे, कारण याच लेखाचा मराठी अनुवाद करण्याची परवानगी मी त्या लेखकाकडे गेल्या वर्षी मागितली होती. आठवड्याच्या आत उत्तर आले. परवानगी आनंदाने दिली होती, पण सोबत सांगितले होते की लेखाचा मधला भाग जुना झाला आहे, तो मी दुरुस्त करतो आहे, तोपर्यंत थांबाल तर बरे. मी तीन आठवडे थांबले आणि नव्या मजकुराचा अनुवाद केला. (तो आपण छापावा म्हणून हे पत्र नाही, तो माझ्या विद्यार्थ्यांपुरता आहे आणि तिथे ठीक आहे.) परवानगीची गोष्ट निघाली की आपल्याकडे ती एकदम कायद्याची किंवा शिष्टाचाराची होते. तांत्रिक लेखनात मात्र ती त्याआधी अचूकपणाची असते. कविता लिहिली तशी राहते. संगणकावरचा लेख दोन वर्षांत शिळा होतो, आणि तो कुठे शिळा झाला आहे हे जगात सर्वांत आधी ज्याला ठाऊक असते तो माणूस एका ईमेलच्या अंतरावर असताना त्याला न विचारता लेख उचलणे म्हणजे आपल्याच वाचकाला कालचे वर्तमानपत्र आजच्या तारखेने विकणे होय.

आता कायद्याविषयी. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या १४व्या कलमात साहित्यकृतीच्या मालकाचे जे हक्क सांगितले आहेत, त्यांत त्या कृतीचा कोणत्याही भाषेत अनुवाद करण्याचा हक्क स्पष्टपणे मोजलेला आहे. या कायद्यापुरती ‘साहित्यकृती’ म्हणजे कथा-कादंबरीच नव्हे. तांत्रिक लेखही साहित्यकृतीच आणि संगणकाचा प्रोग्रामही साहित्यकृतीच. लेखक परदेशी असल्याने फरक पडत नाही, कारण कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात अनुवादाचा हक्क लेखकाकडे दिलेला आहे, भारत त्या करारात १९२८ पासून आहे, आणि करारातील देशांच्या लेखकांना आपल्याकडे भारतीय लेखकासारखेच संरक्षण मिळते. हा हक्क मिळवण्यासाठी लेखकाला नोंदणी करावी लागत नाही की गोलातला ‘सी’ छापावा लागत नाही. पानाच्या तळाशी ती खूण नसली म्हणजे मजकूर मोकळा, ही समजूत माझ्या सहकाऱ्यांमध्येही पक्की आहे. तिचे मूळ बहुधा अमेरिकेत असावे, कारण १ मार्च १९८९ रोजी बर्न करार लागू होईपर्यंत तिथे खरोखरच ती खूण महत्त्वाची होती. त्यालाही आता साडेतीन दशके उलटून गेली. काहीच लिहिलेले नसेल तर त्याचा अर्थ ‘घ्या’ असा होत नाही, ‘विचारा’ असा होतो.

माझी स्वतःची चूक याहून थोडी आडवळणाची होती, आणि ती सांगण्यासारखी आहे, कारण संगणकाच्या क्षेत्रातली माणसेच तिच्यात अधिक सापडतात. डेटाबेसमधील इंडेक्स कसे काम करतो यावरचा एक उत्तम इंग्रजी लेख मला विद्यार्थ्यांसाठी मराठीत हवा होता. लेखकाच्या संकेतस्थळाच्या सगळ्या फायली गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपल्या फायली जिथे ठेवतात त्या ठिकाणी, उघड होत्या आणि त्या फायलींच्या ढिगात ‘लायसन्स’ नावाची एक फाइलही होती. ती उघडून पाहिली तर आत एमआयटी लायसन्स. या परवान्यात वापरा, बदला, वाटा, विका, फक्त ही सूचना सोबत ठेवा, एवढेच सांगितलेले असते, आणि बदलण्यात अनुवाद आलाच, असे समजून मी दोन आठवडे बसून अनुवाद केला आणि आमच्या विभागाच्या पानावर टाकला. महिन्याभराने मूळ लेखकाचा चार ओळींचा निरोप आला. भाषा सौम्य होती. त्यांचे म्हणणे असे की ते लायसन्स त्यांनी वापरलेल्या थीमचे आहे, त्यांच्या लेखांचे नव्हे.

मी परत जाऊन फाइल नीट वाचली. कॉपीराइटच्या ओळीत नाव दुसऱ्याच कोणाचे होते, ज्याने पानांचा आराखडा, रंग आणि अक्षरांची मांडणी तयार केली होती त्या डिझायनरचे. जेकिल किंवा ह्यूगो यांसारखी साधने वापरून संकेतस्थळ उभे करणारे लोक अशी तयार थीम उतरवून घेतात आणि तिच्याबरोबर तिचा परवानाही आपसूक येतो. आपला मजकूर त्याच घडीत ठेवल्यामुळे त्या परवान्याने मजकूरही मोकळा केला असे बाहेरून दिसू लागते, हे बहुतेक लेखकांच्या ध्यानातही येत नाही. भाड्याच्या मांडवावर मांडववाल्याचे नाव असते, म्हणून लग्न त्याच्या घरचे होत नाही. मी त्याच रात्री पान उतरवले आणि दुसऱ्या दिवशी रीतसर विचारले. परवानगी मिळाली. मूळ लेखाचा दुवा अनुवादाच्या वर असावा, तळाशी नको, आणि कोणत्या तारखेच्या मजकुरावरून अनुवाद केला ते लिहावे, एवढ्या दोनच अटी होत्या. दुसरी अट मला सुचली नसती. आता मी ती प्रत्येक अनुवादावर पाळते.

आपल्याकडच्या संगणकप्रेमी मंडळींना न विचारता अनुवाद करण्याची सवय कशी लागली, याचाही विचार केला पाहिजे, कारण ती केवळ बेपर्वाईतून आलेली नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा सॉफ्टवेअरच्या, चळवळीत ज्यांनी फायरफॉक्स, लिबरऑफिस, ग्नोम अशा प्रणालींचे शब्द अन् शब्द मराठीत आणले, त्यांना कधी कोणाची वेगळी परवानगी मागावी लागली नाही, कारण त्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच ती आधी देऊन ठेवलेली होती. मराठी विकिपीडियावर २००३ पासून अनेकांनी इंग्रजीतले लेख मराठीत आणले, तेही तिथल्या मजकुराला आधी ग्नूचा मुक्त परवाना आणि २००९ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार करून ठेवलेल्या परवान्यांपैकी नामनिर्देश आणि समान अटी मागणारा परवाना असल्यामुळे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्पही तशाच परवान्याखाली आपले पाठ देतो, आणि म्हणूनच लिनक्सचे किंवा लिबरऑफिसचे पाठ मराठी आवाजात आमच्या मुलांपर्यंत पोहोचतात. अशा अंगणात वाढलेल्या माणसाला इंटरनेटच्या जाळ्यावरचे सगळेच अंगण सार्वजनिक वाटू लागते. पण तिथेही परवानगी होतीच. ती कोणीतरी आधीच लिहून ठेवली होती इतकेच.

ती लिहून ठेवलेली असते तेव्हाही वाचावी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून वापरात आहेत आणि ते सगळे एकसारखे नाहीत. नुसता नामनिर्देश मागणारा परवाना असेल तर अनुवाद करता येतो, मात्र लेखकाचे नाव, मूळ लेखाचा दुवा, परवान्याचे नाव आणि आपण काय बदल केला हे सांगावे लागते. ‘हा इंग्रजीवरून केलेला मराठी अनुवाद आहे’ हे सांगणेही त्यातच आले. समान अटींचा परवाना असेल तर आपला मराठी अनुवादही त्याच परवान्याखाली मोकळा करावा लागतो. मग त्याच्याखाली ‘सर्व हक्क राखीव’ छापता येत नाही. मोझिलाच्या एमडीएन या ठिकाणची वेब प्रोग्रामिंगची माहिती अशा परवान्याखाली आहे. डिजिटलओशन या कंपनीचे सर्व्हरविषयक धडे समान अटींबरोबरच बिगर-व्यापारी वापराची अट घालतात. जाहिरातींसह छापली जाणारी, विकत घेतली जाणारी पुरवणी हा बिगर-व्यापारी वापर आहे असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. आणि ज्या परवान्यात रूपांतराला मनाई असते तो तर नेमका अनुवादाच्या आड येतो, कारण अनुवाद हे रूपांतरच आहे. तसा लेख आहे तसा इंग्रजीत वाटायला मुभा, मराठीत आणून प्रसिद्ध करायला नाही.

मनाई असली तरी दार बंदच असते असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संस्थाच म्हणावी अशा ग्नू प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचे बरेचसे वैचारिक लेख रूपांतराला मनाई करणाऱ्या परवान्याखाली आहेत आणि तरीही ते कितीतरी भाषांमध्ये उपलब्ध आहेत. तिथे अनुवादकांचे गट आहेत, त्यांची रीत ठरलेली आहे, आणि मूळ लेख बदलला की अनुवाद मागे पडल्याची खूण पानावर दिसते. स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा आग्रह धरणारे लोक आपल्या मताचा अनुवाद मात्र विचारून करा म्हणतात, यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. प्रोग्राम बदलणे आणि माणसाच्या तोंडी वेगळे शब्द घालणे या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्या कायद्याच्या ५७व्या कलमातही लेखकाला हेच संरक्षण आहे : आपले लेखकपण सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधेल अशी मोडतोड थांबवण्याचा त्याचा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरही त्याच्याकडे राहतो.

विचारायचे कोणाला, हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लेखाखाली ज्याचे नाव आहे तोच मालक असेल असे नाही. एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिच्या अभियंत्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला लेख असेल, तर वेगळा करार नसल्यास आपल्या कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची असते, आणि अशा अभियंत्याने मोठ्या मनाने दिलेला होकार कायद्याच्या दृष्टीने पोकळ ठरू शकतो. मला एकदा एका अभियंत्याने ‘माझी काहीच हरकत नाही, पण कंपनीला विचारतो’ असे कळवले आणि कंपनीच्या विधी विभागाचे उत्तर यायला चार महिने लागले. आकृत्यांचे आणखी वेगळे. लेखकाने दुसऱ्याकडून परवानगीने घेतलेली आकृती त्याला पुढे आपल्याला देता येत नाही. अशा वेळी ती नव्याने काढावी, आणि तशी काढताना लेबले मराठीत लिहावीत, म्हणजे विद्यार्थ्याचाही फायदा होतो.

परवानगी लेखी असावी लागते. कायद्याच्या ३०व्या कलमातच तसे म्हटले आहे. पूर्वी त्यावर सही लागे, २०१२ च्या दुरुस्तीत ते शब्द वगळले. आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद लेखी मानली जाते, त्यामुळे ईमेल पुरते. फोनवरचे ‘हो, करा की’ पुरत नाही. या बाबतीत एक बारकावा फारसा कोणाला ठाऊक नसतो. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. मराठी लेख जाळ्यावर टाकला की तो दुबईत आणि न्यू जर्सीतही वाचला जाणार हे उघड असल्याने मी माझ्या विनंतीत आता ‘मराठीत, जगभर, मुदतीविना’ असे तीन शब्द न विसरता घालते. बाकी विनंतीत असते ते एवढेच : कोणता लेख, त्याचा पत्ता, अनुवाद कुठे प्रसिद्ध होणार, त्यातून पैसे मिळणार की नाही, नाव व दुवा कुठे दिला जाईल, आणि अनुवादात शंका आली तर विचारले तर चालेल का. शेवटचा प्रश्न वाचून लेखकाला बरे वाटते असा माझा अनुभव आहे. आपला मजकूर कोणीतरी इतका बारकाईने वाचणार आहे, हे त्याला त्यातून कळते.

काही जण उत्तर देत नाहीत. मौनाला आपल्याकडे संमती म्हणतात, कायद्यात म्हणत नाहीत. उत्तर न देणाऱ्यासाठी कायद्याच्या ३२व्या कलमात एक वाट आहे खरी. मूळ कृती प्रसिद्ध झाल्यापासून सात वर्षांनंतर, मालकाकडे परवानगी मागून ती नाकारली गेली किंवा मालक सापडलाच नाही हे दाखवून, अनुवादाचा सक्तीचा परवाना मागता येतो. परदेशी कृती अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी छापील स्वरूपात हवी असेल तर ही मुदत तीन वर्षांची आहे, आणि मराठीसारख्या, विकसित देशांत सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेसाठी एक वर्षाची. मालक सापडत नसेल तर विनंतीची प्रत कृतीवर ज्याचे नाव आहे त्या प्रकाशकाला नोंदणीकृत हवाई टपालाने पाठवावी, असे त्यात सांगितले आहे. स्वतःच्या बैठकीत बसून लिहिणाऱ्या आणि स्वतःच प्रकाशक असलेल्या माणसाला रजिस्टर्ड एअरमेल पाठवायचे, तेही त्याच्या पानावर घराचा पत्ता नसताना, ही कल्पना करून मी थोडी हसले. ही तरतूद ग्रंथांसाठी आहे आणि ग्रंथांसाठी ती योग्यही असेल. तांत्रिक लेख सात वर्षांनी मराठीत आणायचा तर तो इतिहासाच्या अभ्यासक्रमाला लावावा लागेल.

मग वाचकाने काय करावे? स्वतः वाचण्यासाठी ब्राउझरमधले भाषांतराचे बटण दाबून कोणताही लेख मराठीत वाचावा. खासगी वापराला ५२व्या कलमात सवलत आहे, आणि शिक्षकाने वर्गात शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींनाही त्याच कलमात सवलत आहे. मात्र त्याच बटणातून निघालेला मजकूर थोडा घासूनपुसून आपल्या नावाने छापणे हे या सवलतीत बसत नाही. यंत्राने केला म्हणून तो अनुवाद नाही असे होत नाही, उलट ‘मीठ’ बहुधा तिथूनच आले असावे असा माझा अंदाज आहे.

याहून चांगला रस्ता असा की लेख वाचावा, समजून घ्यावा, आणखी दोन ठिकाणी पडताळावा आणि मग स्वतःचा लेख स्वतःच्या शब्दांत, आपल्या वाचकाला ओळखीची उदाहरणे घेऊन लिहावा. कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला किंवा माहितीला नसतो; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटक-चित्रपटाच्या वादात हे स्वच्छ सांगून ठेवले आहे. ‘सॉल्ट’ म्हणजे काय हे समजावण्याची मक्तेदारी कोणाचीच नाही. बँकेत एकाच गावच्या दोन सुरेश पाटलांच्या खात्यांना वेगळे क्रमांक का असतात, तिथून सुरुवात केली तर आमच्या मुलांना ते चटकन कळते. पण त्यासाठी लिहिणाऱ्याला विषय कळावा लागतो, आणि मला खरी अडचण तिथेच दिसते. विषय न कळताही अनुवाद करता येतो अशी आपली समजूत आहे. ललित लेखनात ती चूक असते, तांत्रिक लेखनात धोक्याची.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. मराठीत आधीच विज्ञान-तंत्रज्ञानाचे लेखन कमी, त्यात परवानगीची कटकट लावली तर जे येते तेही थांबेल. आणि परदेशी लेखकाला एका मराठी पुरवणीने काय फरक पडतो, झाली तर त्याची प्रसिद्धीच होईल. यातला पहिला भाग मला मनापासून पटतो, कारण मी रोज अशा मुलांसमोर उभी राहते ज्यांना विषय समजतो पण इंग्रजीचा परिच्छेद अडतो. दुसरा भाग पटत नाही. ज्याचे नावच छापले नाही त्याची प्रसिद्धी कशी होते? आणि हाच न्याय आपल्याला लावून पाहावा. आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरून एक परिच्छेद उचलायला गेले तर मजकूर निवडताच येत नाही, अशी व्यवस्था आपण केलेली आहे. ती चूक आहे असे मी म्हणत नाही. फक्त तेच कुलूप दुसऱ्याच्या दारावर दिसले नाही म्हणून दार उघडे समजू नये, इतकेच म्हणते. मराठीत मूळ तांत्रिक लेखन करणाऱ्यांनीही आपल्या पानावर ‘अनुवादास परवानगी आहे, नाव व दुवा द्यावा’ किंवा ‘विचारावे’ यांपैकी जे हवे ते एका ओळीत लिहून ठेवावे. उद्या आपला लेख कन्नडमध्ये किंवा कोकणीत न्यावासा वाटणाऱ्याची सोय होईल.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. पुढच्या पुरवणीत त्या लेखाविषयी दुरुस्ती छापावी, तीत तीन महिन्यांच्या सल्ल्याचा आणि ‘मिठा’चा खुलासा असावा, आणि मजकूर कोणत्या लेखाचा अनुवाद होता हे लेखकाच्या नावासह सांगावे. पुरवणीकडे येणाऱ्या तांत्रिक मजकुरासोबत, तो अनुवाद असल्यास, परवानगीच्या ईमेलची प्रत मागण्याची पद्धत सुरू करावी. ‘साभार : इंटरनेट’ हे शब्द छापण्याचे बंद करावे, ते ‘साभार : ग्रंथालय’ म्हणण्यासारखे आहे.

मूळ लेखाचा पत्ता आणि लेखकाचा ईमेल मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर, प्रसिद्धीसाठी नव्हे अशी नोंद करून पाठवत आहे. हा लेख मराठीत छापून आल्याचे मी त्यांना अद्याप कळवलेले नाही. ते आधी आपल्याकडून कळावे असे मला वाटते, आणि त्यासाठी मी महिनाअखेरपर्यंत थांबेन.

आपली,
तंत्रनिकेतनातील एक अध्यापिका,
मिरज